खुणेचा शब्द

"नाव घे, मगच दार सोडते!"

वन्संचा तो आवाज लक्ष्मम्माच्या कानात चव्वेचाळीस वर्षं जसाच्या तसा राहिला होता. चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिलेली नणंद, तिच्या खांद्यावरून माना उंचावणाऱ्या बायका, उंबऱ्यावर भरून ठेवलेलं माप, आणि शालूच्या ओझ्यानं वाकलेली सोळा वर्षांची ती. उखाणा पाठ होता. आळंदला माहेरी अव्वानं, म्हणजे आईनं, आठ दिवस जात्यावर बसवून घोकून घेतला होता.

काळ्या रानात पेरला शाळू, कणसाला आला भार,
अमक्यांचं नाव घेते, सोडा वन्सं दार.

'अमक्यांचं' म्हणायचं तिथं नवऱ्याचं नाव घालायचं, एवढंच काम. पहिली ओळ तिनं म्हटलीसुद्धा. दुसरीच्या तोंडाशी आली आणि जीभ टाळूला चिकटली ती सुटेच ना. कुणीतरी फिसकन हसलं. कुणी म्हणालं, "मुकीच पदरात पडली का काय!" शेवटी सासूबाई आतून ओरडल्या, "बास करा गं, लेकरू घामानं न्हालंय. येऊ द्या आत." वन्संनी हात काढले. माप लवंडलं, ज्वारी सांडली, आणि लक्ष्मम्मा नाव न घेताच घरात आली.

ते नाव राहिलं ते राहिलंच. पुढं संक्रांती झाल्या, बारशी झाली, डोहाळजेवणं झाली. बायका गोल करून बसल्या की हिची पाळी यायच्या आधी हिला चुलीवरचं दूध आठवायचं. नवरा गमतीनं म्हणायचा, "माझं नाव तुझ्यापाशी ठेवायला दिलंय म्या. सांभाळ. कवातरी मागीन." ती पदर तोंडाला लावून हसायची. एरवी हाक मारायची ती "अवो". त्या 'अवो'वर त्यांचा तेहेतीस वर्षांचा संसार उभा राहिला. आणि ते जाऊन अकरा वर्षं झाली.

आता साठाव्या वर्षी ती नळदुर्गच्या हायवेला लागून असलेल्या शाळेच्या गेटपुढं उभी होती, आणि गेटच्या आतून एक माणूस तिला म्हणत होता, "शब्द सांगा वहिनी. मगच गेट उघडतो."

म्हणणारा नागप्पा. एसटीच्या डेपोतून रिटायर होऊन शाळेच्या गेटवर बसलेला, तिच्याच गल्लीतला, तिच्या नवऱ्याच्या दुकानात स्टुलावर बसून वीस वर्षं चहा प्यालेला. त्याच्या डोक्यावर खांबाला एक कॅमेरा होता आणि हातात यादी होती.

"भावजी, मला वळखत न्हाय व्हय तुमी?"

"मी वळखतो हो. ह्यो वरचा वळखत न्हाय." नागप्पानं बोटानं कॅमेरा दाखवला. "गेल्या आठवड्यात मी पाटलांच्या नातवाला एकट्यालाच बाहेर सोडला, तर मॅडमनी मेमो दिला. ह्या वयात मेमो! घरी बायकोला सांगायची चोरी."

मॅडम म्हणजे चंद्रप्रभा मॅडम, मुख्याध्यापिका, तुळजापूरच्या. जूनमध्ये आल्या. शिस्तीच्या होत्या, पण आवाज चढवून बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. शाळेच्या पुढूनच सोलापूर-हैदराबादचे ट्रक जायचे. सुटायच्या वेळेला गेटवर मोटारसायकलींची झुंबड, आणि कुणाचं पोर कुणाच्या गाडीवर बसलं ह्याचा पत्ता नाही. त्यात सप्टेंबरात मोबाईलवर पोरं पळवणाऱ्यांचा एक व्हिडिओ गावभर फिरला. कुठला, कधीचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आयांनी तीन दिवस पोरं शाळेत धाडली नाहीत. मग मॅडमनी नियमांची पाटी लावली. पोरानं एकट्यानं गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही. एका गाडीवर तिघं नाहीत. दप्तराच्या बाहेरच्या अंगाला नाव लिहायचं नाही. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की लेकराला तो आपलाच वाटतो. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे खुणेचा शब्द. आईबापांनी एक शब्द शाळेला कळवायचा, पोराला सांगायचा, न्यायला येणाऱ्याला सांगायचा. कार्ड दाखवायचं आणि तो शब्द आपल्या तोंडानं बोलायचा. तीनदा चुकलं तर न्यायला येणाऱ्याचं नाव कार्डावरून कमी.

लक्ष्मम्माच्या नातीचा, शिवांजलीचा फॉर्म पुण्याहून उत्कर्षनं मोबाईलवरच भरला होता. तो आणि सून दोघं चाकणला कंपनीत, दोघांच्या पाळ्या उलटसुलट. म्हणून दोन वर्षांपासून शिवांजली आजीपाशी. पोर आली आणि घराला पुन्हा आवाज आला. त्याआधीची नऊ वर्षं लक्ष्मम्मा संध्याकाळी एकाच भाकरीचं पीठ मळायची, आणि त्या एका भाकरीचीसुद्धा चतकोर उरायची.

"मला कुणी शब्दच सांगितला न्हाय," लक्ष्मम्मा नागप्पाला म्हणाली.

"मग इच्यारा की उत्कर्षला. मोबाईल कशाला हाय?"

तिनं फोन लावला. पलीकडं कंपनीचा खडखडाट होता. उत्कर्ष मोठ्यानं म्हणाला, "अगं आई, सांगायचं राहिलंच बघ! एकदम सोपा दिलाय. तू जन्मात इसरणार न्हाईस असा. आप्पांचं नाव. नुसतं नाव, आडनाव नको. चल, ठेवतो, सुपरवायझर बघतोय."

फोन बंद झाला. लक्ष्मम्मानं तो हळूच पिशवीत ठेवला. पस्तीस वर्षांचा लेक. तिच्या हातची भाकरी खाऊन वाढला, तिच्या कुशीत झोपला, आणि आपली आई बापाचं नाव कधी घेत नाही हे त्याच्या कानाला कधी लागलंच नव्हतं. त्याचीही चूक कशी म्हणावी? जे कधी बोललंच गेलं नाही ते ऐकू कुठून येणार?

"काय म्हनला?" नागप्पानं विचारलं.

"सांगितला त्यानं."

"मग सांगा."

लक्ष्मम्मा गेटच्या गजांना धरून उभी राहिली. आतल्या लिंबाखाली बाकावर शिवांजली बसली होती, गळ्यात पाण्याची बाटली, पाय हलवत. मागं गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी हॉर्न वाजवला. "ओ आजी, आटपा की! आमची म्हस धारंला आलीया."

नागप्पा यादीवर वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "पहिलं अक्षर सांगू का? श."

"मला ठाव हाय भावजी."

"मग?"

ती गज सोडून बाजूला सरकली, मागच्यांना वाट दिली. सगळी पोरं गेली. पावणेपाचला मॅडम बाहेर आल्या, वहीत काहीतरी लिहिलं, सही केली आणि शिवांजलीचा हात आजीच्या हातात दिला. "शब्दाचा आज पहिलाच दिवस आहे, चालेल. उद्या नक्की लक्षात ठेवा हं आजी. ही पहिली वेळ धरली आहे."

घरी जाताना शिवांजली म्हणाली, "आज्जी, मला माहितेय शब्द. मी सांगू?"

"नगं. आपल्यात तू सांगायचा नसतो. मी सांगायचा असतो."

"मग सांगितला का न्हाईस?"

"चल, त्या म्हशी बघ. सरक हिकडं."

दिवाळी दहा-बारा दिवसांवर आली होती. शेतांतून सोयाबीनच्या राशी चालल्या होत्या, रस्त्याला भुसा उडत होता. लक्ष्मम्मानं मैदा भिजवला, लाटला, कातला. शिवांजली पाटाशी बसून तुकडे मोजत होती आणि दर चारामागं एक कच्चाच तोंडात टाकत होती.

"आज्जी, आमच्या टीचर ह्याला शंकरपाळी म्हणतात."

"म्हनू दे."

"तू चौकट्या का म्हणतीस?"

"चौकोनी हायत म्हनून."

"आणि शंकराच्या देवळाला म्हादेव का म्हणतीस? शेजारच्या शंकरदादाला पण तू 'पल्याडचं पोरगं' म्हणतीस."

लक्ष्मम्मानं झाऱ्यानं तेलातल्या चौकट्या परतल्या. "लई बोलती तू. जा, पापडाचा डबा आन."

पोर उठली. तेल चुरचुरत राहिलं. लक्ष्मम्माच्या ओठांवर जात्यावरची एक ओवी आपोआप आली, तिची तिनंच कधीकाळी रचलेली:

दिवस बुडाला, पाखरू आलं घरट्यात
एकलीचा दिवा, तेवतो गं उंबऱ्यात

ओव्यांत एक सोय असते. ओवीत 'सखा' म्हणावं, 'कंथ' म्हणावं, 'राजस' म्हणावं. नाव कुणी मागत नाही.

मंगळवारी ती तयारीनं गेली. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलेलं. अशानंच तर आजवर सगळीकडं निभावलं होतं. बँकेत, रेशनला, तलाठ्याकडं; कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की कागद पुढं करायचा. माणूस आपणच वाचतो. गेटशी आल्या आल्या तिनं कार्ड गजांतून आत सरकवलं आणि नावावर बोट ठेवलं. तिच्या नावाच्या पुढंच होतं ते, छापलेलं.

नागप्पानं चष्मा वर केला, खाली केला. "वहिनी, लिवलेलं चालत न्हाय. कार्ड हरवतं, चोरीला जातं. शब्द तोंडातनं आला पायजे. मॅडमनी पाटीवर लाल रंगानं लिवलंय."

"भावजी, तुमीच म्हना की. मी मान हालवते."

"मी म्हनून काय उपेग? मला कुठं पोरगी न्यायचीया?" तो हसला, ती हसली नाही तसा जवळ सरकला. "अवो, तुमचंच माणूस. आमचा शंकरप्पा! मला तर दिसातनं दहांदा येतंय तोंडात."

तेच. सगळ्या गावाच्या तोंडात ते नाव होतं. दुकानाच्या पाटीवर होतं, 'शंकरप्पा मोटार रिवायंडिंग', पिवळ्यावर लाल. जळक्या मोटारी घेऊन पार जळकोट, अणदूरची माणसं यायची आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या ते नाव विचारायची. ज्याला त्याला ते नाव फुकट मिळालं होतं. फक्त हिनं जपून ठेवलं होतं, आणि जपता जपता कुठं ठेवलं ते सापडेना, अशी गत झाली होती.

"आज्जी, म्हण की! सोप्पा तर हाय!" शिवांजली बाकावरून ओरडली. मागं एक बाई दुसरीला म्हणाली, "इसरत्यात वाटतं म्हातारी. वय झालं की हुतंय तसं."

मॅडमनीही तेच ऐकलं असावं. त्या दिवशी वहीत सही करताना त्यांनी लक्ष्मम्माकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "आजी, आज वार कोणता?"

"मंगळवार."

"जेवलात का? काय केलं होतं?"

"पिठलं." लक्ष्मम्माला प्रश्नांचा रोख कळला.  आपल्याला वेडगळ समजलं तरी चालेल, पण खरं कारण ह्या पोरीसारख्या बाईपुढं, गेटवर, हायवेच्या कडेला, कसं सांगायचं?

संध्याकाळी उत्कर्षचा फोन आला. आवाज हळू होता, म्हणजे गंभीर होता.

"आई, मॅडमचा फोन आला होता. दोन दिवस तुला शब्द आठवंना म्हणत्यात. आप्पांचं नाव आठवंना? खरं सांग मला. तू इसरायला लागलीस का?"

लक्ष्मम्मानं दारातून बाहेर पाहिलं. अंगणात शिवांजली खडूनं चौकोन आखून एकटीच लंगडी घालत होती.

"आई?"

"व्हय," ती म्हणाली. "इसरते मी कवाकवा."

 मग उत्कर्ष म्हणाला, "हायवेचा रस्ता हाय आई. उद्या कुठं गाडीबिडी... उद्या तिसऱ्यांदा तसं झालं तर कार्डावरनं तुझं नाव निघतं, मग तिला न्यायला कोण हाय तिथं? मी रविवारी येतो आणि शिवांजलीला घेऊन जातो. हिथं कॉलनीत पाळणाघर बघितलंय. तुला बी डॉक्टरला दाखवू."

"दिवाळी तरी हू दे."

"उद्याचं बघू. उद्या सांगितलास तर प्रश्नच न्हाय. कागदावर लिहून हातात धर, आई. आप्पांचं नाव. लिहून धर."

तिनं फोन ठेवला. नऊ वर्षांच्या संध्याकाळी एकदम समोर येऊन उभ्या राहिल्यागत झालं. ती एका माणसाची परात. टीव्हीवरच्या बायकांना दिलेली उत्तरं. पाव्हणे येणार म्हणून नव्हे, तर कुणीतरी यावं म्हणून झाडलेलं अंगण.

दिवेलागणीला ती मागच्या पत्र्याच्या खोलीत गेली. दुकान भाड्यानं दिल्यावर पाटी घरी आणली होती; जळणाच्या लाकडांवर ती अकरा वर्षं पालथी पडली होती. तिनं ती दोन्ही हातांनी उलटी केली. पिवळा रंग उडाला होता, पण लाल अक्षरं धड होती. तिसरीपर्यंत शिकलेली ती. एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. श. त्यावर टिंब. क. र. ओठ हलले. आवाज आला नाही. इथं तर कुणी नव्हतं, नणंद नव्हती, बायका नव्हत्या, कॅमेरा नव्हता. तरी आला नाही.

सोलापूरच्या दवाखान्यातली ती दुपार तिला आठवली, म्हणजे विसरलीच कधी होती? काउंटरवरच्या पोरानं पेशंटचं नाव विचारलं होतं आणि तिनं चिठ्ठी पुढं केली होती. खाटेवरून त्यांनी ते पाहिलं. नाकात नळी, पोट फुगलेलं, पण डोळ्यांत तीच जुनी मिस्किली. जवळ बोलावून म्हणाले, "आता तरी घे की नाव. मागतोय म्या माझी ठेव."

तिनं आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या खाटेवर परका माणूस, त्याचे चार पाव्हणे. "हिथं? सगळ्यांम्होरं?" ती हळूच म्हणाली होती. "घरी गेल्यावर घेते."

"नक्की?"

"नक्की. एकदा न्हाय, धा वेळा घेते."

ते हसले. चौथ्या दिवशी घरी आले ते आडवे, हनुवटीपर्यंत चादर ओढलेले. अंगण माणसांनी भरलं होतं. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून, विभूती लावून न्यायची तयारी चालली होती, आणि ती कोपऱ्यात बसून एवढंच घोकत होती की आता घ्यावं, आता घ्यावं. बायका रडताना नवऱ्याचं काय काय म्हणतात. ती "अवो, अवो" एवढंच म्हणाली.

हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि त्यानंतर कुणी तिला नाव घ्यायला सांगितलंही नव्हतं. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. गल्लीत नवी सून आली की बायका दारात गोळा होतात, 'नाव घे, नाव घे' गलका होतो. तो तिला घरात बसून ऐकू यायचा. कपाळ रिकामं झालेल्या बाईला कोण म्हणणार, नाव घे? टाळायला तरी कुणी मागायला हवं असतं. अकरा वर्षांत मागितलं नव्हतं कुणीच.

तिनं पाटी पुन्हा पालथी केली नाही. भिंतीला टेकवून ठेवली.

बुधवारी ती साडेतीनलाच गेटवर जाऊन बसली. शाळा सुटायला तास होता. नागप्पानं आतून स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि दोघं गजांच्या दोन बाजूंना बसून राहिले. ट्रक जात होते.

"वहिनी, लिवून आनलाय का?"

"न्हाय."

"आज तिसरी खेप हाय."

"ठाव हाय."

"केवढीबी मोटार जळाली तरी शंकरप्पा म्हनायचा, तार धड असंल तर सूर निघतोच. तुमची तार कुठं तुटलीया, मला कळंना झालंय."

घंटा झाली. पोरं आली, शब्द झाले. प्रत्येक जण गेटशी वाकून हळूच बोलत होता. कुणाचा 'गुलाबजाम', कुणाचा 'सरजा', एका बापाचा 'बुलेट'. गुलाबजामवाले आजोबा लाजत लाजत म्हणाले आणि नागप्पा म्हणाला, "जरा मोठ्यानं, गोड हाय म्हनून काय झालं?" हां हां म्हणता अंगण ओस पडलं. लिंबाखालच्या बाकावर शिवांजली उरली, आणि गेटबाहेर तिची आजी.

आज मॅडम वही घेऊन नाही आल्या, शिवांजलीचा हात धरून आल्या. गेटच्या आत उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कालची ती तपासणी नव्हती.

"आजी, ही आत्ता मला काय म्हणाली माहितेय? मी हिला विचारलं, डब्यात काय होतं? तर म्हणे चौकट्या. मी म्हटलं, ह्या तर शंकरपाळ्या. तर म्हणे, आमची आज्जी तसं म्हणतच नाही. देवळाला नाही, शेजारच्या दादाला नाही." मॅडम थांबल्या. "माझ्या आजीचे यजमान गोपाळकृष्ण. ती जन्मभर गोपाळकाल्याला 'तो दहीपोह्यांचा प्रसाद' म्हणाली. आणि मला दोन दिवस हे सुचू नये! तुम्ही विसरला नाही आहात."

लक्ष्मम्मानं मान खाली घातली. नागप्पानं कपाळावर हात मारला. "आरं देवा! आन मी पहिलं अक्षर सांगत बसलो."

"मला सांगायचं की हो काल," मॅडम म्हणाल्या. "केवढीशी गोष्ट. उत्कर्षरावांशी मी आत्ताच बोलले, त्यांनी फोनवरच परवानगी दिली. आपण शब्द बदलू या. आजची ही तिसरी वेळसुद्धा मी धरत नाही. बोला, काय ठेवू? सोपा, तुमच्या तोंडात बसणारा. मोगरा? पेरू?"

"पेरू ब्येस हाय," नागप्पा घाईनं म्हणाला.

"पेरू! पेरू!" शिवांजलीनं उडी मारली.

मॅडमनी यादी नागप्पाच्या हातातून घेतली, गेटच्या खांबावर टेकवली, पेनाचं टोपण काढलं. शिवांजलीच्या ओळीवर बोट आणलं. त्या ओळीच्या शेवटी ते नाव होतं, निळ्या शाईत, सुबक अक्षरांत. मॅडमनी पेनाचं टोक त्याच्यावर टेकवलं. एक रेघ ओढायची, वर पेरू लिहायचं. झालं. उद्यापासून कुणी अडवणार नाही. उद्यापासून रोज पेरू. पोर राहील, दिवाळी होईल, घरात दोन भाकरी होतील.

आणि ह्या जगात तिला ते नाव मागणारं पुन्हा कुणीही उरणार नाही.

"थांबा," लक्ष्मम्मा म्हणाली. गजांतून हात घालून तिनं मॅडमचं मनगट धरलं. "खोडू नका."

"अहो, पण आजी..."

"खोडू नका ते. ऱ्हाऊ द्या." तिनं मनगट सोडलं नाही. "मागा मला."

मॅडमना कळेना. नागप्पाला कळलं. त्यानं टोपी सारखी केली, गेटच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि दोन्ही हात दोन खांबांना लावले, दार अडवल्यासारखे. घसा खाकरून, पण एरवीपेक्षा हळू आवाजात तो म्हणाला, "शब्द सांगा वहिनी. मगच गेट उघडतो."

लक्ष्मम्मानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. डोळे मिटले.

"काळ्या रानात पेरला शाळू," ती म्हणाली, "कणसाला आला भार..."

आणि पुन्हा तिथंच. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी जिथं थांबली होती तिथंच, त्याच उंबऱ्यावर. जीभ टाळूला टेकली. एक ट्रक गेला, दुसरा गेला. धूळ उडाली आणि बसली. ह्या वेळी कुणी हसलं नाही. आतून कुणी "बास करा, येऊ द्या" असंही म्हणालं नाही. शिवांजली गजांना नाक लावून आजीच्या तोंडाकडं बघत होती.

"घरी गेल्यावर घेते म्हनले होते मी त्यास्नी," लक्ष्मम्मा डोळे न उघडता म्हणाली. सांगत कुणाला होती कोण जाणे. "दवाखान्यात मागितलं होतं त्यांनी. मी लाजले. घरी गेल्यावर, म्हनले. मग ऱ्हाऊनच गेलं."

नागप्पाचे हात खांबावर तसेच होते. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

मग तो आवाज आला. बारीक, कोरडा, वापरात नसलेल्या दाराच्या कडीसारखा. तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"शंकरप्पा," ती म्हणाली. आणि श्वास घेऊन पुन्हा, थोडं मोठ्यानं, रस्त्यापलीकडं कुणी उभं असेल तर त्यालाही ऐकू जावं असं, "शंकरप्पांचं नाव घेते, भावजी. सोडा दार."